फ्रिट्झ हाबर : खत, युद्ध आणि हरित अमोनिया

हरित अमोनिया हा शब्द गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार दिसू लागला आहे. सूर्य आणि वाऱ्यापासून मिळणाऱ्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो हवेतल्या नायट्रोजनशी जोडून अमोनिया बनवायचा आणि मग त्याचे खत करायचे, किंवा तो जहाजात भरून दूरच्या देशात नेऊन त्यातला हायड्रोजन पुन्हा मोकळा करायचा, अशी ही कल्पना आहे. कल्पना नवी वाटली, तरी तिच्या मुळाशी असलेली रासायनिक क्रिया शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. शाळेच्या पुस्तकात ती हेबर पद्धत म्हणून भेटते. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या फ्रिट्झ हाबर यांचे आयुष्य मात्र पुस्तकातल्या समीकरणाइतके सरळ नव्हते. निम्म्या जगाच्या ताटातले अन्न आणि पहिल्या महायुद्धातला विषारी वायू, या दोन्हींमागे याच एका माणसाचे काम होते.

हाबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेसलाउ या तेव्हाच्या प्रशियातील शहरात झाला. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. घराणे ज्यू व्यापाऱ्यांचे होते आणि वडील रंगद्रव्यांचा व्यापार करत. जन्मानंतर तीनच आठवड्यांत आई गेली. वडिलांच्या धंद्यात हाबर यांचे मन रमले नाही. रसायनशास्त्र शिकून त्यांनी १८९१ मध्ये बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या काळी जर्मन विद्यापीठांत ज्यू तरुणांना वरच्या जागा मिळणे अवघड होते. १८९२ मध्ये हाबर यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण आधी जर्मन आहोत, ही भावना त्यांच्या मनात खोल रुजलेली होती. पुढच्या आयुष्यातले त्यांचे बरेच निर्णय या भावनेतून समजतात.

१८९४ मध्ये ते कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यालयात साहाय्यक म्हणून लागले आणि तिथेच पुढे प्राध्यापक झाले. अफाट कष्ट करण्याची तयारी आणि कोणत्याही नव्या विषयात झपाट्याने शिरण्याची हातोटी, यांमुळे विद्युत-रसायनशास्त्रात त्यांचे नाव झाले. १९०१ मध्ये त्यांनी क्लारा इमरवार यांच्याशी लग्न केले. क्लारा याही रसायनशास्त्रज्ञ होत्या. ब्रेसलाउ विद्यापीठातून या विषयात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लग्नानंतर मात्र त्यांचे स्वतःचे संशोधन जवळपास थांबले. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि घर, मूल व पतीचे पाहुणे यांतच त्यांचा दिवस जाऊ लागला.

हवेत भरपूर, पिकाला दुर्मीळ

त्या काळात युरोपला एक वेगळीच चिंता लागली होती. लोकसंख्या वाढत होती आणि शेतातला कस कमी होत होता. पिकांना नायट्रोजन हवा असतो. पानाचे हरितद्रव्य, दाण्यातली प्रथिने, पेशीतला डीएनए यांपैकी काहीच नायट्रोजनाशिवाय बनत नाही. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. परंतु या वायूच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की वनस्पतींना त्यांचा उपयोग करता येत नाही. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हा बंध तोडू शकतात. आपल्याकडचा शेतकरी कडधान्याची फेरपालट करत आला, ती याच कारणाने. आकाशातली वीजही थोडा नायट्रोजन जमिनीत उतरवते. वाढत्या शहरांचे पोट भरायला एवढे पुरेसे नव्हते.

युरोपची गरज चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यावर भागत होती. जहाजे भरभरून येणारा हा सोरा खतासाठी लागे आणि स्फोटकांसाठीही. हा साठा कधीतरी संपणार होता. १८९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी एका मोठ्या सभेत हा धोका जाहीरपणे मांडला आणि हवेतला नायट्रोजन बांधून घेण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनीच काढला पाहिजे, असे बजावले. जर्मनीला तर आणखी एक धास्ती होती. युद्ध पेटले आणि ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला, तर सोऱ्याची वाटच बंद होणार होती.

दोन्ही दिशांनी जाणारी क्रिया

१९०३-०४ च्या सुमारास व्हिएन्नातील एका रसायन कंपनीने हाबर यांना विचारणा केली, की नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून थेट अमोनिया करता येईल का? हाबर यांनी लोखंडाच्या सान्निध्यात, सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाला हे वायू एकत्र तापवून पाहिले. अमोनिया तयार झाला, पण नगण्य. दहा हजार रेणूंमागे जेमतेम एक.

अडचण क्रियेच्या स्वभावातच होती. नायट्रोजनाचा एक आणि हायड्रोजनाचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात आणि त्यात उष्णता बाहेर पडते. पण ही क्रिया उलटही फिरते. अमोनिया तापवला की तो पुन्हा मोडून मूळचे दोन वायू देतो. तापमान कमी ठेवावे तर क्रिया इतकी मंद होते की हाती काही लागत नाही. तापमान वाढवावे तर तयार झालेला अमोनिया तिथल्या तिथे मोडतो. यातून सुटायला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे प्रचंड दाब, कारण चार रेणूंचे दोन होताना वायूचे आकारमान घटते आणि दाबाखाली ही क्रिया अमोनियाच्या बाजूला झुकते. दुसरी म्हणजे कमी तापमानालाही क्रिया वेगाने घडवणारा चांगला उत्प्रेरक.

हाबर यांनी सुरुवातीला हा नाद सोडूनच दिला होता. मात्र वॉल्टर नेर्न्स्ट या नामवंत शास्त्रज्ञाने त्यांच्या आकड्यांवर शंका घेतली आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत ती सर्वांसमक्ष मांडली. हाबर यांना ते फार लागले. त्यांनी मोजमापे नव्याने सुरू केली. त्यांच्या सोबतीला रॉबर्ट ले रोसिन्यॉल हा तरुण ब्रिटिश साहाय्यक होता. दोनशे वातावरणांच्या आसपासचा दाब सहन करणाऱ्या झडपा आणि नळ्या घडवण्यात त्याचा हात कुशल होता. वायू एकदाच तापवून सोडून न देता तो बंद नळ्यांतून फिरवत राहायचा, प्रत्येक फेरीत तयार झालेला थोडा अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडायचा, ही रचना त्यांनी केली. उत्प्रेरक म्हणून ऑस्मियम हा दुर्मीळ धातू कामी आला.

२ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ या बड्या रसायन कंपनीच्या लोकांसमोर हे यंत्र चालवून दाखवण्यात आले. सुरुवातीला एक सांधा निखळला आणि कंपनीचे कार्ल बॉश वाट पाहून परत गेले. सहकारी आल्विन मिटाश मात्र थांबले. काही तासांनी यंत्र सुरू झाले आणि थेंब थेंब द्रव अमोनिया भांड्यात जमू लागला. हवेतला नायट्रोजन माणसाच्या हातात आला होता.

प्रयोगशाळेतल्या थेंबांचे कारखान्यात टनांमध्ये रूपांतर करण्याचे काम बॉश आणि मिटाश यांनी केले. मिटाश यांनी हजारो चाचण्या घेऊन महागड्या ऑस्मियमऐवजी लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि पोटॅशियमच्या संयुगांची थोडी भर होती. आजही बहुतेक कारखान्यांत साधारण हेच मिश्रण वापरले जाते. बॉश यांच्यापुढचा प्रश्न पोलादाचा होता. दाबाखालचा तप्त हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन ते ठिसूळ करी आणि भट्ट्या फुटत. आत मऊ लोखंडाचे अस्तर आणि बाहेर बारीक छिद्रे पाडलेले पोलादाचे कवच, अशी तोड त्यांनी काढली. १९१३ मध्ये ओपाउ येथे जगातला पहिला अमोनिया कारखाना सुरू झाला.

या कारखान्याला लागणारा हायड्रोजन कोळसा आणि वाफ यांपासून मिळवला जात होता. पुढे कोळशाची जागा जगात बऱ्याच ठिकाणी नैसर्गिक वायूने घेतली, पण हायड्रोजन खनिज इंधनातूनच येत राहिला. आजच्या हवामान बदलाच्या चर्चेत अमोनियाचे नाव येते, त्याची सुरुवात इथे आहे.

खताचा कारखाना आणि विषाची नळकांडी

१९११ मध्ये हाबर बर्लिनमधील कैसर विल्हेल्म संस्थेच्या भौतिक रसायनशास्त्र विभागाचे संचालक झाले. तीन वर्षांत महायुद्ध पेटले. भीती होती तसेच झाले. ब्रिटिश आरमाराने चिलीची वाट तोडली. पण जर्मनीकडे आता हवेतून नायट्रोजन काढणारा कारखाना होता. अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटके बनू लागली. खतासाठी घडवलेल्या या क्रियेने युद्ध लांबायला हातभार लावला.

हाबर एवढ्यावर थांबले नाहीत. खंदकांत अडकलेले युद्ध विषारी वायूने लवकर संपवता येईल, असे त्यांना वाटत होते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून सुमारे दीडशे टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. हाबर स्वतः आघाडीवर देखरेख करत होते. हिरवट पिवळा ढग फ्रेंच बाजूच्या खंदकांत उतरला. क्लोरीन श्वासनलिका आणि फुप्फुसांच्या आतल्या ओलसर आवरणाला भाजतो. फुप्फुसांत पाणी भरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडावा तसा गुदमरतो. त्या संध्याकाळी असंख्य सैनिकांच्या वाट्याला हेच आले. युद्ध मात्र संपले नाही. थोड्याच काळात दोन्ही बाजू वायू वापरू लागल्या.

या हल्ल्यानंतर हाबर यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. ते घरी परतले. २ मे १९१५ च्या पहाटे क्लारा यांनी घराच्या बागेत आत्महत्या केली. पतीच्या कामाला असलेला त्यांचा विरोध, मोडलेले संशोधन, दुरावलेला संसार यांपैकी कशाचा वाटा किती होता, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. हाबर त्यानंतर लगेचच पूर्व आघाडीवर रवाना झाले. मागे राहिला बारा वर्षांचा मुलगा.

युद्धकाळातल्या या कामातून विषशास्त्राला हाबर यांचा नियम मिळाला. हवेतील विषारी वायूचे प्रमाण आणि तो श्वासातून घेण्याचा काळ यांचा गुणाकार सारखा असेल, तर परिणामही साधारण सारखाच होतो, असा तो नियम. याचा अर्थ, थोडा वायू बराच वेळ हुंगणे हे बरेचदा जास्त वायू थोडा वेळ हुंगण्याइतकेच घातक असते. प्रत्येक वायूला तो तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून त्यात सुधारणा झाल्या. माणसे मारण्यासाठी मांडलेले हे गणित आज कारखान्यातल्या कामगाराने किती वेळ कुठल्या हवेत राहावे, हे ठरवताना कामी येते.

नोबेल आणि हद्दपारी

१९१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल हाबर यांना जाहीर झाले, ते युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये. अमोनियाच्या शोधाची योग्यता कोणी नाकारत नव्हते, पण विषारी वायूच्या युद्धाच्या सूत्रधाराला हा सन्मान मिळावा, याचा दोस्त राष्ट्रांत अनेकांना संताप आला. दुसरीकडे ओपाउच्या कारखान्यात २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे दगावली. नायट्रोजनाचे खत आणि नायट्रोजनाचे स्फोटक यांत अंतर किती कमी आहे, हे त्या दिवशी दिसले.

पराभूत जर्मनीवर नुकसानभरपाईचे ओझे होते. ते फेडण्यासाठी समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचा प्रयत्न हाबर यांनी काही वर्षे केला. पाण्यात सोने अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले आणि हा नाद सोडावा लागला. त्यांच्या संस्थेत कीटकनाशकांवरही काम चाले. त्यातून सायनाइडयुक्त झायक्लॉनचा जन्म झाला. हाबर यांच्या मृत्यूनंतर नाझींनी छळछावण्यांत याच नावाच्या सुधारित विषाने लाखो ज्यूंना मारले. मारल्या गेलेल्यांत हाबर यांचे आप्तही होते.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. युद्धातील सेवेमुळे हाबर यांची स्वतःची जागा वाचू शकत होती, पण संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना त्यांनीच घरी पाठवावे, अशी अपेक्षा होती. त्यांनी ते केले नाही. ३० एप्रिल १९३३ रोजी राजीनामा दिला. ज्या देशासाठी धर्म सोडला आणि विज्ञान पणाला लावले, त्या देशाला आता ते नकोसे झाले होते. काही महिने केंब्रिजमध्ये काढून, हृदयविकाराने खचलेले हाबर २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मरण पावले. त्यांच्या इच्छेप्रमाणे क्लारा यांच्या अस्थी तिथे आणून दोघांना एकाच ठिकाणी ठेवण्यात आले. वर्षभराने माक्स प्लांक यांनी सरकारचा विरोध पत्करून बर्लिनमध्ये त्यांची स्मृतिसभा घेतली. कार्ल बॉश तिला हजर होते.

हिरवे म्हणजे काय?

आज जगात दरवर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया बनतो आणि त्यातला मोठा भाग खतासाठी जातो. जगाच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येचे अन्न या खतावर अवलंबून आहे, असा अंदाज आहे. मुंबईतील ट्रॉम्बे आणि अलिबागजवळील थळ येथील खत कारखान्यांतही नैसर्गिक वायूपासून याच क्रियेने अमोनिया होतो. पण सरासरी एक टन अमोनियामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा दोष हाबर यांच्या क्रियेचा नाही, हायड्रोजनाच्या उगमाचा आहे. हायड्रोजन पाण्याचे विद्युत अपघटन करून मिळवला आणि ती वीज सौर, पवन किंवा जलविद्युत असली, की अमोनिया हरित ठरतो.

हे पूर्वी घडलेही आहे. नॉर्वेत १९२० च्या दशकाअखेरीस धबधब्यांच्या विजेवर हायड्रोजन काढून अमोनिया होऊ लागला. भारतात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर असाच खत कारखाना चालला. स्वस्त खनिज इंधनापुढे ही पद्धत मागे पडली. आता ती परत येते आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनाची क्षमता उभारणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

गणित सोपे नाही. एक टन हरित अमोनियाला नऊ ते दहा हजार युनिट वीज लागते आणि दीड टनाहून अधिक शुद्ध पाणी. सूर्य रात्री नसतो, वारा थांबतो, तर अमोनियाच्या भट्टीला अखंड पुरवठा हवा असतो. युरिया करायचा तर आणखी एक पेच आहे. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो. वायूवर चालणाऱ्या कारखान्यात तो आपोआप मिळतो, हरित कारखान्यात तो बाहेरून आणावा लागेल.

उलटी क्रिया आता कामाची

हाबर यांना छळणारी उलटी क्रिया आज उपयोगाची ठरू पाहते. हायड्रोजन साठवणे आणि नेणे फार कठीण. द्रवरूप ठेवायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. अमोनिया उणे ३३ अंशांनाच द्रव होतो, किंवा सामान्य तापमानाला साधारण दहा वातावरणांच्या दाबाखाली. एक घनमीटर द्रव हायड्रोजनात सुमारे ७० किलो हायड्रोजन मावतो. तेवढ्याच द्रव अमोनियात तो सुमारे १२० किलो असतो. अमोनियाची जहाजे, टाक्या, बंदरे आधीपासून आहेत. ऊन आणि वारा मुबलक असलेल्या ठिकाणी अमोनिया बनवायचा, गरज असलेल्या देशात नेऊन तापवून मोडायचा आणि हायड्रोजन वापरायचा, असा हा विचार आहे.

मोडताना मात्र उष्णता द्यावी लागते. जोडताना, थंड करताना, नेताना आणि मोडताना, प्रत्येक पायरीवर ऊर्जा गळते. हायड्रोजनात अमोनियाचा अंश राहिला, तर काही प्रकारचे इंधन घट त्याने खराब होतात. अमोनिया थेट जहाजाच्या इंजिनात जाळला, तर कार्बन डायऑक्साइड निघत नाही. पण जळण नीट झाले नाही तर नायट्रोजनाची प्रदूषक ऑक्साइडे बाहेर पडतात. त्यांतला नायट्रस ऑक्साइड हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त प्रभावी आहे. म्हणूनच हरित अमोनियाचा पहिला उपयोग खतासाठी व्हावा आणि हायड्रोजनाचा वाहक म्हणून तो जिथे दुसरा मार्ग नाही तिथेच वापरावा, असे मत अनेक तज्ज्ञ मांडतात.

आरोग्याचा प्रश्नही आहे. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत अमोनियाची गळती होते, तेव्हा डोळे चुरचुरणे, घसा जळणे, श्वास कोंडणे हे त्रास लगेच सुरू होतात. हा वायू डोळे, घसा, फुप्फुसे यांतल्या ओलाव्यात विरघळून तिथल्या पेशींना भाजतो. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया असला, तरी तो जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो. त्याचा उग्र वास खूप आधी इशारा देतो, ही जमेची बाजू. वास आला की गळतीच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत जाणे आणि डोळे व त्वचा भरपूर पाण्याने बराच वेळ धुणे, हे पहिले उपाय. बंदरांवर आणि जहाजांवर अमोनियाचे साठे वाढणार असतील, तर कामगारांचे आणि आसपासच्या वस्तीचे संरक्षण आधी ठरले पाहिजे. वायूचे प्रमाण किती आणि माणूस त्यात किती वेळ, हा हाबर यांचाच हिशेब तिथे मांडावा लागेल, पण यावेळी माणसे वाचवण्यासाठी.